बोळीतला स्टे

रहीम जिल्दसाजाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं, आणि हे रविकांत गुरुजींना रोज सकाळी तोंड धुताना आठवायचं. तोंड पुसून होईपर्यंत ते विसरायचा प्रयत्न करत. चहाच्या पहिल्या घोटाला पुन्हा आठवायचं.

पत्र काही लांबून आलेलं नव्हतं. कारंज्याच्या जुन्या वस्तीत गुरुजींचं घर आणि रहीमभाईंचं घर शेजारी-शेजारी, मध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढी बोळ. रहीमभाई खोकले की गुरुजींना इकडे कळायचं, आज बिडी जास्त झाली. तरी पत्र डाकेनं आलं होतं. तिकीट लावून, शिक्का खाऊन, अकोल्यापर्यंत फिरून. मजकूर असा होता :

‘गुरुजी, सलाम. बोळीतली नाली तुंबली. तुमच्या मोरीचं पानी माझ्या कामाच्या खोलीत येते. लोकांचे पुस्तकं ओले होऊन राह्यले. वरची एक फरशी उचलली तर घडीभराचं काम. पन स्टे तुमचा हाय. तुमी लेखी हो म्हना, मी उचलतो. नाही म्हनत असान तर तसं कळवा. एजाजनं महिन्याच्या आखरीले अकोल्याहून टेम्पो सांगतला. मंग दुकान बंद. – रहीम’

एवढ्या सरळ पत्राला एका ओळीत उत्तर देता आलं असतं, आणि नेमकं म्हणूनच गुरुजींना ते जमेना. एका ओळीत लिहायचं म्हणजे त्या ओळीच्या मागे-पुढे काय आहे ते आधी तपासायला नको? त्यांनी पत्र दिवाणी कायद्याच्या जाड पुस्तकात ठेवलं आणि ‘मनाई हुकूम’ हे प्रकरण पहिल्यापासून वाचायला घेतलं.

गुरुजी हायस्कुलात भाषा शिकवून निवृत्त झालेले. कायद्याशी त्यांचा संबंध पुस्तकापुरता. पण कारंज्यात गुरुजींना बोलायला माणूस एकच होता, तो म्हणजे रहीमभाई. फाटकं पुस्तक बांधून घ्यायला गुरुजी संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जायचे. रहीमभाईंना वाचनाचं वेड नव्हतं, पण पुस्तक हातात घेतलं की ते त्याची कुंडली सांगायचे. ‘‘हे कोनी वाचलंच नाही गुरुजी. पैले धा पानं मळके, बाकी करकरीत. हे कोनाले तरी लग्नात भेट आलं असन.’’ गुरुजी हसायचे. हसताना त्यांना स्वतःचा भित्रेपणा विसरायला व्हायचं. तो ओटा आता बंद होता, कारण मध्ये स्टे होता.

स्टे आला तो पोरांमुळे. रहीमभाईंच्या एजाजला वरच्या मजल्यावर जायला बोळीतून लोखंडी जिना काढायचा होता. गुरुजींचा गणेश म्हणाला, बोळ आमची. एजाज म्हणाला, तुमची असेल तर गुंडाळून घरात ठेवा. गणेशनं घर वडिलांच्या नावावर म्हणून वडिलांच्या नावानं दावा लावला. वकीलपत्रावर सही करताना गुरुजींनी विचारलं होतं, ‘‘रहीमभाईंना आधी सांगू का?’’ वकील म्हणाले, ‘‘समन्स सांगेल.’’ कोर्टानं अर्ज मंजूर केला : दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रतिवादीनं बोळीत कसलंही बांधकाम करू नये. हुकुमाचं नाव ‘तूर्तातूर्त मनाई’. त्यानंतर एजाज अकोल्याला नोकरीला लागला, गणेश वाशीमला प्लॉटचे व्यवहार करू लागला, दोघांचेही केस मागे सरले. भांडणारे गेले, भांडण दोन म्हाताऱ्यांच्या सांभाळायला राहिलं. आणि तूर्तातूर्त अजून चालूच होतं.

हुकूम होता बांधकामापुरता. पण वस्तीत कागद कोण वाचतो? स्टे म्हणजे बोळीत राहायला आलेला एखादा सरकारी माणूस असावा, तसा वस्तीनं त्याला मान दिला. पोरांचा चेंडू बोळीत गेला की पोरं नवीन चेंडू आणायची. झाडणारी बाई बोळीच्या तोंडाशी झाडू थांबवायची : ‘‘थ्या तिकडं स्टे हाय बाप्पा, मायावर केस झाली तर?’’ कुठून तरी बी पडून तिथं पपईचं झाड उगवलं. ते वाढलं, धरलं, पपया पिवळ्या झाल्या. दोन्ही घरांच्या खिडक्यांतून दोन्ही घरं त्या पपया बघत राहिली. तोडणं म्हणजे बदल. शेवटी पपया आपापल्या पडल्या, आणि बकऱ्यांनी त्या खाल्ल्या. बकऱ्यांवर कुणी अर्ज टाकला नाही.

रहीमभाईंवर मात्र टाकला होता. नालीवरची एक फरशी सरकली होती, ती त्यांनी पायानं सरळ केली. गणेश नेमका सणाला आला होता. त्यानं खिडकीतून फोटो काढला आणि हुकूम मोडला म्हणून कोर्टात अर्ज दिला. तो अर्ज पुढे बारगळला, पण रहीमभाईंनी त्या दिवसापासून बोळीत पाय ठेवला नाही. म्हणून नाली तुंबली. म्हणून आता ते ‘लेखी’ मागत होते.

नालीत पाणी होतं गुरुजींच्या घरचं. हे गुरुजींना कळत होतंच, पण त्यांच्या पत्नी सोजरबाई ते विसरू देत नव्हत्या.

‘‘अवो, मी भांडे घासले का पानी थिकडं रहीमभाईच्या खोलीत. मले भांडे घासाची बी लाज वाटून राह्यली,’’ त्या म्हणाल्या.

‘‘मी वाचतोय त्यावर,’’ गुरुजी म्हणाले.

‘‘वाचा. तवरोक मी बालटी रस्त्यावर फेकतो.’’

आणि खरंच त्या मोरीला बोळा मारून, खरकटं पाणी बादलीत धरून, दुखऱ्या गुडघ्यांनी पुढच्या दारापर्यंत नेत. तिथून रस्त्यावर. रस्त्यानं जाणारे शिव्या घालत. गच्चीवरून अमीनाबी, म्हणजे रहीमभाईंच्या मालकीण, ओरडून सांगत, ‘‘कायले तरास घेता सोजरबाई! येऊ द्या पानी, आता तं आमी जाऊनच राह्यलो.’’ या दोघी बायका गच्चीवरून गच्चीवर रोज बोलत. लोणच्याची वाटी काठीला बांधून इकडून तिकडे जाई. त्यांना स्टे लागू नव्हता, कारण दाव्यात त्यांची नावं नव्हती.

गुरुजींचं वाचन मात्र जोरात चाललं होतं. मनाई हुकूम हा प्रकार त्यांना आवडला. तात्पुरता असतो, तो दाव्यापुरता. कायमचा असतो, तो निकालानंतर. आणखी एक असतो, ज्यात कोर्ट ‘करू नको’ म्हणत नाही, ‘कर’ म्हणतं, बांधलेलं पाड म्हणतं. कोर्टानं मनाई द्यावी की नाही हे ठरवताना कुणाची गैरसोय जास्त होईल तेही बघायचं असतं, असं एका पानावर होतं. त्या पानापाशी गुरुजी बराच वेळ थांबले. मग त्यांना वाटलं, आपण काय कायद्याचे जाणकार! आपल्याला शब्द तेवढे कळतात, अर्थ वकिलांना कळत असेल.

म्हणून ते हेमसिंग वकिलांकडे गेले.

हेमसिंग वकील गुरुजींचे. रहीमभाईंचे वकील उदयसिंग. दोघे चुलतभाऊ. कोर्टाच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघांचं टेबल एकच, पंखा एक, घरून येणारा डबाही एकच. गुरुजी गेले तेव्हा दोघे एका झाकणातली मिरचीची भाजी खात होते.

‘‘या गुरुजी. बसा. उदय, तू जरा तिकडं तोंड कर, माझे पक्षकार आलेत.’’

उदयसिंगांनी खुर्ची वळवली. भाकरी मात्र इकडच्याच डब्यातून घेत राहिले.

गुरुजींनी हळू आवाजात पत्राचं सांगितलं.

‘‘उत्तर दिलं का?’’

‘‘नाही अजून.’’

‘‘शाब्बास!’’ हेमसिंग म्हणाले. ‘‘उत्तर म्हणजे कबुली. नाली आहे असं लिहिलं, की नाली कबूल. पाणी जातं लिहिलं, की पाणी कबूल. तुम्ही नुसतं ‘सलाम’ लिहिलं तरी त्याचा उद्या अर्थ निघेल.’’

‘‘पण नाली तर आहे ना.’’

‘‘ते कोर्टाला ठरवू द्या.’’

‘‘आणि मीच हो म्हटलं तर? हुकूम माझ्याच मागणीवर आहे. वाचण्यात आलं की ज्याच्या बाजूनं हुकूम असतो त्यानं...’’

हेमसिंगांनी घास गिळून गुरुजींकडे पाहिलं. ‘‘गुरुजी, स्टे म्हणजे दुधाचं विरजण. हलवलं की बिघडलं. तुम्ही हात लावू नका. उद्या तारीख आहे, तेव्हा बघू.’’

खुर्ची वळवलेले उदयसिंग पाठीमागूनच म्हणाले, ‘‘हेम, लोनचं सरकव.’’

दुसऱ्या दिवशी कोर्टाबाहेरच्या बाकावर गुरुजी एका टोकाला बसले, रहीमभाई दुसऱ्या. मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा. दोघांनाही आपापल्या वकिलांनी बजावलं होतं, की समोरच्या पक्षकाराशी बोलू नका. चहावाला अमरसिंग किटली घेऊन आला.

रहीमभाई चहावाल्याकडे बघून म्हणाले, ‘‘अमरसिंगभाऊ, एका मानसानं दुसऱ्याले पत्र लिवलं, अन् थ्या दुसऱ्यानं उत्तरच नाही देल्लं, तं काय समजाचं?’’

अमरसिंगनं चहा ओतता ओतता दोघांकडे पाहिलं. ‘‘मले काय मालूम बा.’’

गुरुजी चहावाल्यालाच म्हणाले, ‘‘अमरसिंग, असंही असेल की दुसरा माणूस विचार करत असेल.’’

‘‘इचार!’’ रहीमभाई किटलीला म्हणाले. ‘‘चाळीस साल त्याच्या पुस्तकाले पुठ्ठे लावले म्या. त्याचा इचार असाच चालते, पुस्तक शिवून होते तरी त्याचा इचार होत नाही. टेम्पोवाल्याले सांगतलं, परवा ये. हे बी त्याले सांगजा कोनी तरी.’’

‘‘परवा?’’ गुरुजी एकदम रहीमभाईंकडेच वळून बोलले आणि घाबरून पुन्हा अमरसिंगकडे वळले. ‘‘परवा म्हणतात का ते?’’

‘‘अवो दोघंही इथंच बसले हा, मंग मले काहून मधात घेता?’’ अमरसिंग म्हणाला. ‘‘च्या घ्या, थंडा होऊन राह्यला.’’

पुकारा झाला. न्यायाधीश बाई तरुण होत्या, फाईल वाचून आलेल्या दिसत होत्या. उदयसिंगांनी नालीच्या सफाईसाठी अर्ज दिला होता. बाईंनी तो वाचला आणि थेट गुरुजींकडे पाहिलं.

‘‘वादी आपण ना? हुकूम बांधकामाला आहे. नाली साफ करू द्यायला आपली काही हरकत आहे का?’’

इतक्या वर्षांत कोर्टानं गुरुजींना पहिल्यांदा काही विचारलं होतं. वर्गात पन्नास पोरांसमोर बोललेला माणूस इथं शब्द जुळवू लागला. ‘नाही’ हा शब्द त्यांच्या तोंडात आला होता. तो बाहेर पडायच्या आत हेमसिंग उभे राहिले.

‘‘साहेब, अर्ज आजच हातात आला. लेखी म्हणणं द्यायला मुदत मिळावी.’’

‘‘पक्षकार इथंच आहेत. विचारा त्यांना.’’

‘‘ते वयस्कर आहेत साहेब. त्यांना नीट समजावून सांगावं लागेल.’’

बाईंनी पुन्हा गुरुजींकडे पाहिलं. आता ‘नाही’ म्हटलं तर आपल्याच वकिलाचा अपमान, असं गुरुजींना वाटलं आणि त्यांनी खाली पाहिलं. बाईंनी मुदत दिली. उदयसिंगांनी जवळची तारीख मागितली, पण खटल्यांच्या बोर्डावर जागा नव्हती. तारीख पडली दिवाळीनंतरची.

रहीमभाई पायऱ्या उतरून गेले. मागे शेडमध्ये दोघे वकील डबा उघडत होते.

संध्याकाळी गणेश वाशीमहून आला. तारीख पुढे पडल्याचं त्याला फोनवर कळलं होतं. येताना त्यानं पेढे आणले.

‘‘बाबा, मस्त झालं. तुम्ही कोर्टात काही बोलला नाही, हे लय चांगलं केलं.’’

‘‘गणेश, रहीमभाईंची पुस्तकं भिजतात रे,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘लोकांची असतात ती.’’

‘‘मग? आपण त्यांना नाली साफ करायला मना केलं का? हुकूम वाचा. बांधकाम करू नका म्हटलंय. नालीचं नावच नाही. ते साफ करत नाहीत, त्याला आपण काय करणार?’’

‘‘त्यांनी फरशी सरळ केली तेव्हा तू अर्ज टाकलास.’’

‘‘तो टाकायचाच असतो,’’ गणेश पेढा खात म्हणाला. ‘‘स्टे जिंकायसाठी नसते बाबा. स्टे थांबवासाठी असते. माणूस थांबून थांबून कंटाळते. परवा म्हातारा अकोल्याले गेला, की एजाज घर विकायला काढन. ओल लागलेलं घर, बाजूले कोर्टकेस, घेणार कोण? आपण घेऊ. बोळ मधात घेऊन समोर तीन शटर काढतो. एकाले लायब्ररी नाव देऊ, तुमच्यासाठी.’’

सोजरबाई दारात बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली.

‘‘तुया बापाले लायब्ररी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘अन् माया भांड्याच्या पान्यानं रहीमभाईचं घर पाडाचं! हे तुले कोनं शिकवलं रे?’’

‘‘आई, तू नको पडू याच्यात. बाबा, कशावर सही करू नका. कोणी आलं तर हेमसिंगसाहेबाले भेटा म्हणा.’’

तो गेला. गुरुजी पेढ्याच्या पुड्याकडे बघत बसले. पुस्तकात त्यांनी वाचलं होतं, की मनाई हुकूम हानी होऊ नये म्हणून असतो. वाचताना त्यांना ते वाक्य सुंदर वाटलं होतं. आपल्याच सहीनं तो हुकूम एक घर भिजवून रिकामं करवायच्या कामी लागला होता, आणि आपण त्यावर प्रकरणं वाचत बसलो. त्यांना स्वतःचा राग आला. राग यायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे आधी त्यांना वाटलं पित्त झालं असावं.

त्यांनी कागद घेतला. पहिला मसुदा ‘माझे सर्व हक्क अबाधित ठेवून’ असा सुरू झाला आणि दोन पानं अबाधितच राहिला. दुसऱ्यात त्यांनी मनाई हुकुमाचे प्रकार समजावून सांगितले. तिसरा एवढा वाढला, की त्याला पानांचे आकडे घालावे लागले. तो त्यांनी सोजरबाईंना वाचून दाखवला. त्या भाकरी थापत ऐकत होत्या.

‘‘झालं?’’

‘‘झालं.’’

‘‘याच्यात फरशी कुठी हाय?’’

गुरुजींनी चाळून पाहिलं. फरशी कुठंच नव्हती.

‘‘मी लिहिलं अन् चुकलं तर?’’ ते म्हणाले. ‘‘गणेश बोलणार नाही माझ्याशी. वकील म्हणतील, दावा बिघडवला. कोर्ट म्हणेल, आमच्याकडे का नाही आलात.’’

‘‘म्हनू द्या ना. तुमी काय म्हनता थे तर कोनाले कळूच देल्लं नाही तुमी आजवर.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक कोरा कागद घेतला. शाळेत हजेरीपटावर लिहायचे तशा सुवाच्य अक्षरात लिहिलं :

‘रहीमभाई यांस, नमस्कार. बोळीतल्या नालीवरची फरशी उचलून नाली साफ करण्यास वादी म्हणून माझी हरकत नाही. फरशी परत जशी होती तशी बसवावी. हे काम हुकूम मोडणं नव्हे, आणि तसं कुणी म्हटलं तर हे पत्र कोर्टात दाखवावं. दिवाळीनंतरच्या तारखेला हेच मी लेखी देईन, आणि जमलं तर तोंडी सांगेन. फरशी जड आहे, दुसरं टोक मी धरतो. तुम्ही गेलात तर माझ्या पुस्तकांचं काय करायचं ते मला कळत नाही. उत्तराला उशीर झाला. – रविकांत’

शेवटून दुसऱ्या वाक्यावर ते अडखळले. कायद्याच्या पत्रात हे शोभत नाही. खोडायला पेन टेकवलं. मग खोडलेलं कोर्टात वाईट दिसेल म्हणून ते तसंच ठेवलं. सही केली, तारीख घातली, पाकीट बंद केलं आणि पाऊस नसताना छत्री शोधत दोनदा घरात फिरून ते पोस्टात निघाले.

रहीमभाईंच्या दारावरून जाताना आतून टेप फाडल्याचा आवाज येत होता. खोकी बांधणं चाललं होतं. गुरुजींची पावलं थबकली. पाकीट दाराखालून सरकवता आलं असतं. पण हातोहात दिलेल्या कागदाला गणेश म्हणेल, हे नंतर लिहिलं, वकील म्हणतील, हे मिळालंच नाही. रहीमभाईंनी लेखी मागितलं होतं ते शोभेसाठी नव्हे. ते पुढे चालू लागले.

पोस्टाच्या खिडकीत नवीन नावाचा कारकून बसला होता. गुरुजींचाच जुना विद्यार्थी, शुद्धलेखनात कायम मार खाणारा.

‘‘रजिस्टर करायचंय,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘पोचपावतीसकट.’’

‘‘रजिस्टरी वेगळी नाही राह्यली आता गुरुजी. सारं स्पीड पोस्टातच जाते.’’ त्यानं पत्ता वाचला, मान वर केली. ‘‘हे तं तुमच्या बाजूचंच घर हाय ना! जिल्दसाजाचं. अवो, हातानं देऊन द्या.’’

‘‘नाही. शिक्का पाहिजे.’’

‘‘आता हे अकोल्याले जाईन, मंग वापस येईन. कायले एवढं फिरवता?’’

‘‘उद्यापर्यंत येतं का?’’

‘‘येईन बहुतेक. नाही तं परवा.’’ नवीननं आवाज खाली केला. ‘‘स्टेचं होय का?’’

मागे रांगेत उभ्या दोन बायका पुढे झुकल्या. एरवी गुरुजी ‘नाही नाही’ म्हणून निघून गेले असते.

‘‘हो, स्टेचं,’’ ते म्हणाले, जरा मोठ्यानंच. ‘‘मी नाली उघडायला लेखी परवानगी दिली आहे. तूही ऐकून ठेव.’’

‘‘मंग घरी जाऊन तोंडी बी सांगून द्या ना, थे सामान बांधून राह्यले म्हनते.’’

‘‘सांगणार आहे. आत्ताच जातो सांगायला. पण आधी हे तुझ्या हातून जाऊ दे. मग मला माघारी फिरता येणार नाही.’’

नवीननं वजन केलं, चिकटपट्टी लावली, शिक्का मारला. शिक्क्याची तारीख पुसट उमटली होती.

‘‘पुन्हा मार,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘वाचता आली पाहिजे.’’

नवीननं शिक्का शाईवर नीट दाबून पुन्हा मारला, गुरुजींना दाखवला, आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.